देशांच्या दरडोई ऊर्जावापराची तुलना: यादीतला क्रमांक नेमके काय सांगतो?

तुळई (धागाकर्ता)

देशोदेशींच्या ऊर्जावापराच्या याद्या समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात आणि प्रत्येक वेळी त्यांच्याखाली तेच दोन तट पडतात. एक तट एकूण वापराचा आकडा पुढे करतो. २००९ च्या सुमारास चीनने अमेरिकेला मागे टाकले, आज जगातला निम्म्याहून अधिक कोळसा एकटा चीन जाळतो, भारत तिसऱ्या क्रमांकावर आहे, तेव्हा बोट कोणाकडे दाखवायचे हे उघड आहे, असा त्यांचा सूर असतो. दुसरा तट त्याच आकड्याला लोकसंख्येने भागतो आणि सारे चित्र उलटे करून दाखवतो. दोघांचेही आकडे बहुधा बरोबर असतात. मात्र भागाकार करण्याआधी अंशस्थानी काय मांडले आहे हे सहसा कोणी विचारत नाही, आणि आलेला भागाकार म्हणजे त्या देशातल्या सामान्य माणसाचा वापर असे सर्रास समजले जाते. या समजुतीविषयी हा धागा आहे.

आधी ढोबळ चित्र. २०२३ साली जगाचा प्राथमिक ऊर्जेचा, म्हणजे इंधनाची वीज वगैरे होण्याआधीच्या मूळ ऊर्जेचा, वापर सुमारे ६२० एक्साजूल (एक एक्साजूल म्हणजे १०० कोटी गिगाजूल) होता, म्हणजे दरडोई ७७ गिगाजूलच्या आसपास. अमेरिकेत तो दरडोई २८० च्या जवळ, जपान आणि जर्मनीत १४० च्या आसपास, चीनमध्ये १२०, ब्रिटनमध्ये १०० च्या थोडा वर, भारतात २७ आणि आफ्रिका खंडात सरासरी १४ गिगाजूल होता. गिगाजूल हे एकक डोळ्यांसमोर काहीच उभे करत नाही, म्हणून मला वॅटमध्ये बोलणे सोयीचे वाटते. वर्षभर अखंड चालणारी शक्ती म्हणून पाहिले तर अमेरिकी माणसामागे सुमारे ८,८०० वॅट, चिनी माणसामागे ३,८०० आणि भारतीय माणसामागे साधारण ८६० वॅट येतात. माणसाचे शरीर स्वतः अन्नावर चालते ते जेमतेम १०० वॅटवर. झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने १९९८ मध्ये ‘२,००० वॅटचा समाज’, म्हणजे माणशी तेवढ्याच अखंड शक्तीवर जगणारा समाज, ही कल्पना मांडली, आणि २००८ च्या सार्वमतात झुरिक शहराने ते आपले उद्दिष्ट म्हणून स्वीकारले. ही मर्यादा वर्षाला ६३ गिगाजूल होते. जगाची आजची सरासरी तिच्या थोडी वर आहे, पण जगातले बहुसंख्य लोक तिच्या बरेच खाली आहेत.

आता ज्या उदाहरणामुळे लिहावेसे वाटले ते. दरडोई वीजवापरात आइसलँड नेहमी पहिला असतो. माणशी वर्षाला ५०,००० युनिटच्या आसपास, म्हणजे अमेरिकेच्या सुमारे चौपट. त्यावर ठरलेली प्रतिक्रिया येते की थंड देश आहे, घरे तापवावी लागत असतील. प्रत्यक्षात तिथली दहापैकी नऊ घरे जमिनीतल्या गरम पाण्यावर ऊबदार राहतात आणि एकूण विजेत घरगुती वापराचा वाटा जेमतेम विसावा आहे. वीज जाते ती ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांत. शुद्ध केलेली अल्युमिना (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची भुकटी) जहाजाने बाहेरून येते, वितळलेल्या क्षारात विरघळवून तिच्यातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडला जातो, तळाशी धातू साठतो आणि तो पुन्हा जहाजाने बाहेर जातो. एक टन धातूला साधारण १४,००० युनिट वीज लागते. आइसलँड वर्षाला सुमारे ८ लाख टन ॲल्युमिनियम बनवतो आणि त्याची लोकसंख्या ४ लाखांच्या आत आहे. गुणाकार-भागाकार केला तर माणशी २९,००० युनिट एवढ्यानेच संपतात. तो धातू ज्या मोटारींत, विमानांत आणि डब्यांत जातो त्या वापरणारी माणसे दुसऱ्या देशांत राहतात.

हाच प्रकार दारिद्र्याच्या टोकालाही दिसतो, आणि तिकडे लक्ष जात नाही. मोझांबिकमध्ये २००० साली सुरू झालेल्या ॲल्युमिनियमच्या एकाच प्रकल्पाची क्षमता वर्षाला साडेपाच लाख टनांच्या आसपास आहे. तो पूर्ण चालला की त्याची वीज देशाच्या सुमारे साडेतीन कोटी लोकांत माणशी दोनशेहून अधिक युनिट होते. त्यातले एकही युनिट कोणाच्या घरातल्या दिव्यापर्यंत पोहोचत नाही, तरीही सरासरीत ते प्रत्येकाच्या नावावर जमा होते. आइसलँडच्या आकड्याने अतिरेक दिसतो आणि मोझांबिकच्या आकड्याने अभाव झाकला जातो. दोन्हीकडे कारण एकच आहे.

माझा मुद्दा असा की दरडोई आकडा वाचताना मोजमाप कोणत्या टप्प्यावर केले आणि ते कोणाच्या खाती टाकले, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. त्यानंतर काही तफावती विरघळतात, काही तशाच उभ्या राहतात. अमेरिका आणि भारत यांच्यातली दहापट तफावत दुसऱ्या जातीची आहे. आयात-निर्यातीचा हिशेब धरला तर ती कमी होण्याऐवजी थोडी वाढतेच.

चौकस

लेख आवडला, पण एक शंका आहे. हे सारे हिशेबाचे बारकावे मान्य केले तरी ऊर्जावापर आणि चांगले जगणे यांचा संबंध नाकारता येत नाही. २००० साली अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या ॲलन पास्टरनाक यांनी साठ देशांचा दरडोई वीजवापर आणि मानव विकास निर्देशांक एकमेकांसमोर मांडला होता. सुमारे ४,००० युनिटांपर्यंत निर्देशांक झपाट्याने चढतो आणि पुढे जवळपास सपाट होतो, असे त्यांना दिसले. भारतात आज दरडोई वीजवापर १,४०० युनिटच्या आसपास आहे. तेव्हा गरीब देशांच्या बाबतीत तरी ढोबळ आकडा पुरेसा बोलका आहे, असे मला वाटते.

तुळई

गरीब देशांविषयी तुमचे म्हणणे मान्य. त्या आलेखाचा डावा, चढता भाग कोणी खोडू शकत नाही. मला उजवा, सपाट भाग अधिक बोलका वाटतो. इटलीत दरडोई सुमारे १०० गिगाजूल खर्चून सरासरी आयुर्मान ८३ वर्षे आहे, जपानमध्ये १४० गिगाजूलांत ते ८४ वर्षे आहे, आणि अमेरिकेत त्याच्या दुप्पट ऊर्जा खर्चूनही २०२३ मध्ये ते ७८ च्या थोडेच वर होते. वरच्या दीडशे गिगाजूलांनी माणसाला नेमके काय दिले, हे शोधायला गेले तर हाती लागतात ती मोठी घरे, लांबलांबचे प्रवास आणि जड मोटारी. जगाच्या लोकसंख्येत चार टक्के असलेला तो देश जगातले जवळपास पंचमांश खनिज तेल वापरतो. अंतरे मोठी आहेत हे खरे, पण ऑस्ट्रेलिया वा कॅनडाविषयी जेवढ्या सहानुभूतीने हे कारण सांगितले जाते तेवढ्या सहानुभूतीने ते मंगोलियाविषयी कोणी सांगत नाही.

वाफारा

मी औष्णिक वीजकेंद्रांच्या क्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे ‘कोणत्या टप्प्यावर’ या प्रश्नाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

कोळशातली १०० एकके भट्टीत गेली की तारेवर ३५ ते ४० येतात, उरलेली शीतक मनोऱ्यातून हवेत जातात. प्राथमिक ऊर्जेच्या हिशेबात ती सर्व १०० एकके देशाच्या ‘वापरात’ धरली जातात. धरणाच्या विजेत असे जाळण्याचे काही नसते, त्यामुळे तिची प्राथमिक ऊर्जा किती मानायची हा निव्वळ संकेताचा प्रश्न उरतो. एक पद्धत म्हणते की तारेवर आलेली वीज हीच प्राथमिक ऊर्जा. दुसरी पद्धत म्हणते की हीच वीज कोळशापासून केली असती तर जेवढा कोळसा लागला असता तेवढी ऊर्जा धरा, म्हणजे सुमारे अडीचपट. नॉर्वेची वीज जवळपास सगळी पाण्याची. संकेत बदलला की त्या देशात एकही यंत्र न बदलता त्याचा दरडोई आकडा मोठी उडी घेतो.

हे केवळ पाठ्यपुस्तकी नाही. जगभर ज्यांची आकडेवारी उद्धृत होते त्या एनर्जी इन्स्टिट्यूटने २०२५ च्या अहवालात दुसरी पद्धत सोडून पहिली धरली. परिणाम असा की २०२३ साठी आधी सुमारे ६२० एक्साजूल छापले होते आणि २०२४ साठी ५९२ छापले, जेव्हा प्रत्यक्षात त्या वर्षी जगाची मागणी दोन टक्क्यांनी वाढली होती. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून कोणी ‘जगाचा ऊर्जावापर घटला’ असे लिहिले तर त्याला खोटे आकडे दिले असे म्हणता येणार नाही, आणि तरीही विधान साफ चुकीचे असेल.

दुसरी गोष्ट लाकूडफाट्याची. तुम्ही दिलेला भारताचा २७ गिगाजूल हा आकडा बाजारात विकल्या जाणाऱ्या इंधनांचा आहे. लाकूड, गोवऱ्या, पिकांचा पाचोळा त्यात नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था ते धरते, म्हणून तिच्याकडे गरीब देशांचे आकडे वेगळे दिसतात. पण ते धरल्याने तुलना सुधारते असेही नाही. किलोभर वाळलेल्या लाकडात साधारण १६ मेगाजूल असतात; उघड्या चुलीवर त्यातले १० ते १५ टक्के भांड्यापर्यंत पोहोचतात, म्हणजे २ मेगाजूलच्या आसपास, आणि उरलेल्याचा बराचसा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो. किलोभर स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ४६ मेगाजूल असतात आणि चांगल्या शेगडीवर त्यातले २६ तरी भांड्याला मिळतात. एक किलो गॅसचे काम करायला १३ किलो लाकूड लागते, आणि ऊर्जेच्या खात्यात ४६ च्या जागी २०८ मेगाजूल मांडावे लागतात. चूल सोडून गॅसवर आलेले कुटुंब अधिक चांगले जगते आणि त्याचा ‘ऊर्जावापर’ साडेचार पटींनी घटतो. जगात आजही २०० कोटींहून अधिक लोक अशा इंधनांवर रांधतात, तेव्हा ही तळटीप म्हणून सोडण्याजोगी बाब नाही.

तुलना करायचीच असेल तर शेवटी माणसाला मिळालेली सेवा मोजावी: किती ऊब, किती उजेड, किती किलोमीटर प्रवास. ते मोजणे कठीण असल्यामुळे जे मोजता येते तेच आपण मोजतो.

खाणीवरून

ऊर्जेपेक्षा खनिजांच्या आणि इतर साधनसामग्रीच्या हिशेबात हा घोळ अधिक मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार जगभर जमिनीतून आणि जंगल-शेतांतून काढली जाणारी सामग्री १९७० मध्ये ३१ अब्ज टन होती, ती २०२४ पर्यंत १०० अब्ज टनांच्या पार गेली. त्यातला जवळपास निम्मा भाग वाळू, खडी, चुनखडी अशा बांधकामाच्या मालाचा आहे. श्रीमंत देशांतला माणूस गरीब देशांतल्या माणसाच्या सुमारे सहापट सामग्री वापरतो, असे त्याच अहवालात म्हटले आहे. पण हा सहापटीचा आकडा तयार मालाचा माग काढून, म्हणजे वस्तू शेवटी कोणी वापरली त्यानुसार काढलेला आहे. जुन्या पद्धतीने, म्हणजे देशात काढलेला माल अधिक आयात वजा निर्यात असा हिशेब केला, तर उत्तर वेगळे येते.

चिलीचे उदाहरण घ्या. तिथल्या तांब्याच्या खनिजात आज धातूचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. एक टन तांबे मिळवण्यासाठी दीडशे टनांच्या आसपास खनिज फोडून, दळून, पाण्यात फेसाळून काढावे लागते, आणि वर टाकाऊ खडक हलवावा लागतो तो वेगळाच. जहाजात चढतो तो एक टन. जुन्या हिशेबात निर्यात म्हणून तो एक टन वजा होतो आणि उरलेली सगळी दळलेली माती चिलीच्या ‘देशांतर्गत वापरात’ जमा होते. एखादा तज्ज्ञ त्याच तक्त्यावरून चिलीला उधळ्या देशांच्या रांगेत बसवू शकतो. ते तांबे ज्यांच्या वायरिंगमध्ये, मोटारींत आणि पवनचक्क्यांत बसले, त्यांच्या खाती फक्त एक टन.

झारी

पाण्याविषयीही बोलायला हवे, कारण तिथे उलट दिशेची चूक होते. डच अभ्यासक आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ पासून मांडलेल्या जल-पदचिन्हाच्या (माणूस वापरतो त्या अन्न-वस्तूंच्या निर्मितीत खर्च झालेले पाणीही मोजण्याच्या) पद्धतीने जगाची सरासरी माणशी वर्षाला १,३८५ घनमीटर येते, अमेरिकेची २,८४२, चीनची १,०७१ आणि भारताची १,०८९. ऊर्जेत दिसणारी दहापट तफावत इथे अडीचपटीवर येते, कारण यातले बहुतेक पाणी अन्न पिकवण्यात जाते आणि जेवण प्रत्येकालाच लागते.

परंतु या आकड्यात मला एक मूलभूत अडचण दिसते. जूल कुठेही खर्च झाला तरी तो जूलच असतो, आणि कार्बन डायऑक्साइड कोणत्याही देशातून सुटला तरी एकाच वातावरणात मिसळतो. पाण्याचे तसे नाही. जगाच्या जल-पदचिन्हात सुमारे तीन चतुर्थांश भाग पिकांनी जिथल्या तिथे शोषलेल्या पावसाच्या पाण्याचा आहे. तो लिटर आणि खालावत चाललेल्या भूजलातून उपसलेला लिटर यांची बेरीज करून देशांचे क्रमांक लावले, तर पावसावर वाढलेल्या कुरणातले गोमांस दोषी ठरते आणि कूपनलिकेवर पिकवलेला तांदूळ निर्यात करणारा देश काटकसरी ठरतो. जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे; साऱ्या जगाच्या उपशाचा साधारण चौथा हिस्सा एकट्या भारताचा. दरडोई पदचिन्हाच्या यादीत मात्र तो सरासरीच्या खाली, निर्धास्त बसलेला दिसतो.

उलटतपासणी

आतापर्यंतच्या चर्चेचा रोख पाहता एक विरोधी मत नोंदवणे आवश्यक वाटते. शेवटी वस्तू वापरणाऱ्याच्या खाती सगळे टाकायचे, ही कल्पना ऐकायला न्याय्य आहे, पण व्यवहारात ती उत्पादक देशाला मोकळे सोडते. भट्टी कोळशावर चालवायची की विजेवर, धुराड्याला गाळणी लावायची की नाही, हे निर्णय ज्या देशात कारखाना उभा आहे तिथले सरकार घेते. दूरदेशी ती वस्तू विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. कारखान्यांमुळे रोजगार, कर आणि परकीय चलन उत्पादक देशालाच मिळते. मग ऊर्जेचे ओझे तेवढे ग्राहकाचे कसे?

शिवाय ‘चीन जे जाळतो ते आपल्यासाठीच’ हे वाक्य आता सरावाने म्हटले जाते. निर्यातीतले आणि आयातीतले उत्सर्जन एकमेकांतून वजा केले, तर चीनच्या एकूण उत्सर्जनाच्या फार तर दहाव्या हिश्शाच्या आसपास निव्वळ निर्यात उरते. जगातले निम्म्याहून अधिक पोलाद आणि सिमेंट चीनमध्ये बनते, आणि त्यातले बहुतांश त्यांच्याच इमारतींत, पुलांत आणि रेल्वेमार्गांत गेलेले आहे.

आणखी एक. देश हे एककच मुळात कितपत योग्य आहे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात मोटार असलेली कुटुंबे साडेसात टक्के होती. त्या कुटुंबांचा ऊर्जावापर ‘भारतीय सरासरी ८६० वॅट’ या पडद्यामागे आरामात लपतो, आणि आंतरराष्ट्रीय परिषदेत गरिबांच्या वतीने मिळालेली सवलतही त्यांच्याच वाट्याला अधिक येते. उत्सर्जनाच्या जागतिक अभ्यासांत वरचे दहा टक्के लोक जवळपास निम्म्या उत्सर्जनाला कारणीभूत असल्याचे दिसते, आणि ते दहा टक्के एका-दोन देशांतच राहत नाहीत.

तुळई

तुमचे तिन्ही मुद्दे वजनदार आहेत. चीनविषयीचा तर सगळ्यांनी नोंदवून ठेवावा असा आहे, कारण निव्वळ निर्यातीचा हिशेब मोठ्या देशांत थोडाच फरक पाडतो. खरा धक्का बसतो तो छोट्या, श्रीमंत, सेवाक्षेत्रावर जगणाऱ्या देशांत. स्वित्झर्लंडच्या सीमेत होणारे उत्सर्जन आणि स्विस लोकांच्या उपभोगामागचे उत्सर्जन यांत जवळपास तिपटीचे अंतर आहे. असा देश स्वतःच्या सीमेतल्या घटीबद्दल पाठ थोपटून घेतो तेव्हा दुसरा आकडा विचारणे भाग आहे.

जबाबदारीच्या प्रश्नावर मात्र मी पूर्ण सहमत नाही. ब्रिटनचे उदाहरण देतो. ३० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी तिथे दोन गोष्टी बंद झाल्या: रॅटक्लिफचे शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्र आणि पोर्ट टॅलबट इथल्या पोलाद कारखान्यातली लोहखनिज वितळवणारी शेवटची झोतभट्टी. राष्ट्रीय आकडेवारीत दोन्हींची नोंद घट म्हणूनच होते. पहिली घट खरी आहे, कारण त्या विजेची जागा वारा, वायू आणि आण्विक केंद्रांनी आधीच घेतली होती. दुसरीचे तसे नाही. नवी विद्युत भट्टी उभी राहीपर्यंत पोर्ट टॅलबटच्या गिरण्या बाहेरदेशी ओतलेल्या पोलादाच्या लाद्या मागवून त्या लाटत आहेत. खनिज वितळवायला लागणारी ऊर्जा खर्च होतेच आहे, फक्त तिची नोंद दुसऱ्या देशाच्या वहीत होते. सीमेवरचा हिशेब या दोन घटींत फरक करू शकत नाही आणि उपभोगाचा हिशेब करू शकतो, एवढेच माझे म्हणणे आहे. दंड कोणाला करायचा, हा त्यानंतरचा आणि राजकीय प्रश्न आहे.

देशांतर्गत विषमतेविषयी तुमच्याशी वाद नाही. देश हे एकक राहते कारण करार देश करतात आणि आकडे देशांची सांख्यिकी खाती गोळा करतात.

चौकस

मग यादीत सिंगापूर वर का असतो, याचेही कोणी स्पष्टीकरण द्यावे. दरडोई ६०० गिगाजूलच्या आसपास आकडा मी पाहिला आहे, आणि दाटीवाटीने, उंच इमारतींत, सार्वजनिक वाहतुकीवर राहणाऱ्या लोकांच्या बाबतीत तो अजिबात पटत नाही.

वाफारा

कारण जहाजे. सिंगापूर हे जहाजांत इंधन भरण्याचे जगातले सर्वांत मोठे बंदर आहे. २०२३ मध्ये तिथे ५ कोटी टनांहून अधिक इंधन भरले गेले. काही आकडेवाऱ्यांत हे इंधन जिथे भरले त्या देशाच्या वापरात धरतात. टनाला ४१ गिगाजूल धरून सुमारे ५९ लाख लोकांत वाटले, तर माणशी साडेतीनशे गिगाजूल केवळ तेवढ्याचेच होतात, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या आकड्याचा निम्म्याहून मोठा भाग. उरलेल्यात तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने आहेत. लक्झेंबर्गची गोष्टही याच जातीची: शेजारच्या देशांपेक्षा डिझेल स्वस्त असल्यामुळे आरपार जाणारे ट्रक तिथे टाकी भरून घेतात.

हवामानविषयक करारांत याच्या नेमके उलट होते. आंतरराष्ट्रीय जहाजांचे आणि विमानांचे इंधन कोणत्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत, ते तळाशी वेगळे दाखवतात. त्यामुळे तेच इंधन एका तक्त्यात सिंगापूरच्या माथी पूर्ण बसते आणि दुसऱ्यात कोणाच्याच नाही. तुम्ही पाहिलेला आकडा पहिल्या प्रकारच्या तक्त्यातला असणार. तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत ‘बंकर इंधनासह’ (म्हणजे जहाजांत भरलेले इंधन धरून) असे काही लिहिले आहे का, तेवढे पाहून घ्या.